आधी त्याचं घ्या

इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या बाजारात क्लिफर्ड गारसाइडला लोक अडवायचे, पण नट म्हणून नव्हे.

"अहो, आमचा बॉयलर दुरुस्त करायला तुम्हीच आला होतात ना?" खाटकाच्या दुकानापुढच्या रांगेत एक बाई त्याला म्हणाली. "परत गळायला लागलाय तो."

"नाही हो बाई, मी नव्हे."

"तुम्हीच. हाच चेहरा. केलेलं काम नाकबूल करायचं म्हणजे कमाल झाली!"

क्लिफने तिची माफी मागितली. दुकानातून निघताना आणखी एकदा मागितली. घरी येऊन त्याने ही हकिगत सांगितली तेव्हा त्याची बायको आयव्ही हसून हसून ओट्याला टेकली.

"अरे, सांगायचंस ना तिला, रविवारी टीव्हीवर पाहिलंत म्हणून! त्यात तू गॅसवालाच होतास."

"कशाला? तिला बॉयलरची काळजी. माझ्या सांगण्याने तो गळायचा थांबला असता का?"

क्लिफचा चेहरा कुठल्याही टोपीखाली बसायचा. पोलिसाची टोपी घातली की तो जन्मजात पोलीस वाटायचा, कंडक्टरची घातली की लोक सुटे पैसे चाचपायचे. त्याने पाद्री केले, खाटीक केले, तुरुंगातले पहारेकरी केले, आणि हवालदार तर इतके केले की स्टुडिओतल्या कपडेपटात त्याच्या मापाचा एक कोट कायम वेगळा टांगलेला असे. गुप्तहेर साहेब यायचे, क्लिफ प्रेतावरची चादर उचलायचा आणि म्हणायचा, "नदीकाठी सापडला, साहेब." मग साहेब विचारात पडायचे, कॅमेरा साहेबांकडे जायचा आणि क्लिफ जेवायला.

बाप सूतगिरणीत, आई सूतगिरणीत. क्लिफही तिथेच गेला असता, पण प्रार्थनागृहाच्या हौशी नाटकात त्याने एका म्हाताऱ्याचं काम केलं आणि ते बघायला मिसेस बेअरस्टो नावाची बाई आली होती. तिची स्वतःची नाटक मंडळी होती, दर आठवड्याला नवं नाटक करणारी. रात्री या आठवड्याचं नाटक करायचं, दिवसा पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं, आणि रविवारी मागच्या आठवड्याचं विसरायचं. क्लिफ तिथे घडला. आयव्हीही त्याला तिथेच भेटली, कपडे शिवणारी, तोंडात टाचण्या धरून शिव्या देणारी.

मिसेस बेअरस्टोंचा एकच नियम होता. समोरचा नट बोलत असेल तेव्हा त्याला पुरतं द्यायचं. आपलं वाक्य संपलं म्हणून आपलं काम संपलं नाही. एकदा तालमीत एक पोरगा समोरच्याच्या भाषणात खिडकीबाहेर बघत राहिला, तर बाईंनी पायातली सपात काढून त्याला फेकून मारली. "तो तुझ्या तोंडाकडे बघून रडणार आहे, गाढवा! तिथे काहीच नसेल तर तो काय भिंतीकडे बघून रडेल?" ती सपात क्लिफच्या कानाजवळून गेली होती. त्याला ती कायमची लागली.

मिस प्रॉसरचा फोन आला तेव्हा क्लिफ मागच्या अंगणात कांद्यांना पाणी घालत होता. मिस प्रॉसर म्हणजे त्याला कामं मिळवून देणारी बाई. मँचेस्टरला एका दातांच्या डॉक्टरच्या वर तिचं ऑफिस होतं आणि फोनवर मागे कधी कधी खालचं यंत्र ऐकू यायचं.

"क्लिफ, बसलायस का?"

"उभा आहे."

"मग बस. सिनेमा आहे. रोलंड पास्कचा. एड्रियन मेलिश मुख्य. तू खाणीतला म्हातारा मुकादम. मेलिशचा भाऊ काही वर्षांपूर्वी खाणीत मेला, तो कसा मेला ते तू त्याला सांगतोस. दीड पान, क्लिफ. दीड पान सलग तू."

क्लिफ खरंच बसला.

"आणि क्लोज-अप आहे. टोपी न घालता. पडदाभर तू."

"भीती वाटते गं."

"वाटू दे. पण नीट ऐक, हे मी एकदाच सांगणार. हा प्रसंग लोकांच्या डोळ्यांत भरला तर लोक तुला नावाने ओळखायला लागतील. नाही भरला तर... हे बघ राजा, हवालदारसुद्धा एका वयानंतर निवृत्त होतात. परवाच एका मालिकेवाल्यांनी मला विचारलं, जरा तरुण हवालदार नाही का?"

पुढचे काही आठवडे आयव्ही बटाटे सोलता सोलता मेलिशची वाक्यं वाचायची आणि क्लिफ स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मुकादम व्हायचा. शब्द त्याला लगेच पाठ झाले. शब्दांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो एका गोष्टीचा, जी त्याने आयव्हीलाही करून दाखवली नाही.

क्लिफ लहान असताना त्याचा थोरला भाऊ केनेथ मालगाड्यांच्या यार्डात दोन डब्यांमध्ये सापडून गेला होता. यार्डाचा मुकादम घरी सांगायला आला. आई दारात, क्लिफ तिच्या मागे. मुकादमाने टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "तुमच्या फाटकाची बिजागरी सैल झालीय, मिसेस गारसाइड." मग तो बिजागरीबद्दल बराच वेळ बोलला. कुठला स्क्रू लागेल, तेल कुठलं. आई ऐकत राहिली. तिला तेव्हाच कळलं होतं आणि मुकादमालाही ते कळलं होतं, तरी दोघं बिजागरी सोडेनात.

हा माणूस क्लिफने आयुष्यभर सांभाळून ठेवला होता. नदीकाठच्या प्रेतांवर त्याने तो कधी खर्च केला नाही. आता तो काढायचा होता, आणि तालमीत काढून शिळा करायचा नव्हता.

"तू काहीतरी राखून ठेवतोयस," आयव्ही म्हणाली.

"हो."

"मला नाही दाखवणार?"

"पडद्यावर बघ."

चित्रीकरण यॉर्कशरमधल्या एका खाणकामगाराच्या घरात होतं. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात कॅमेरा, दिवे आणि पंधरावीस माणसं. रोलंड पास्क हा तरुण दिग्दर्शक खिडकीतून येणाऱ्या खऱ्या उजेडावर लुब्ध झाला होता. फेब्रुवारीतला उजेड, पातळ, राखाडी. "हा उजेड तासभर टिकला तर मी देव मानेन," असं तो सारखा म्हणत होता.

एड्रियन मेलिश वाईट माणूस नव्हता. नावाजलेला होता, देखणा होता, पण सकाळीच त्याने सगळ्यांसाठी बेकनचे सँडविच मागवले आणि क्लिफला म्हणाला, "तुम्हाला मी लहानपणापासून बघतोय. आमच्या वडिलांना तुम्ही फार आवडायचात. नाव नाही यायचं त्यांना, पण तुम्ही दिसलात की म्हणायचे, हा बघ, आला!" त्याला त्या दिवशी संध्याकाळी लंडनला पोचायचं होतं. मुलीचा शाळेत कार्यक्रम होता, ती बासरी वाजवणार होती. हे सगळ्या युनिटला ठाऊक होतं.

आधी दोघं टेबलाशी बसलेले, असा लांबून एक शॉट झाला. तो व्यवस्थित झाला. क्लिफने त्यात बेताचं काम केलं, राखून.

आता एकेकाचा जवळून घ्यायचा होता. ज्याचा शॉट, त्याच्यावर कॅमेरा. दुसऱ्याने भिंगाच्या शेजारी उभं राहून आपली वाक्यं बोलायची, म्हणजे पहिल्याला बघायला डोळे मिळतात. दुसरा पडद्यावर दिसत नाही. म्हणून कित्येक जण ती वाक्यं नुसती पुटपुटतात, आणि काही मोठे लोक तेवढ्यात सिगरेट ओढून येतात.

पास्कने दोघांकडे पाहिलं. "कुणाचं आधी घ्यायचं? क्लिफ, तुमचं घेऊ या का? उजेड आत्ता मस्त आहे."

एड्रियनने घड्याळाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. घड्याळ बघून लगेच बाही खालीही ओढली.

आणि क्लिफ म्हणाला, "आधी त्याचं घ्या. त्याला गाडी गाठायचीय. मी काय, इथेच आहे."

"नक्की?" पास्क म्हणाला.

"नक्की, नक्की. मला काही घाई नाही."

"फार उपकार झाले, क्लिफ," एड्रियन म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडले. क्लिफलाही बरं वाटलं. आपल्यामुळे कुणाची अडचण टळली की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

तो भिंगाशेजारी जाऊन उभा राहिला. एड्रियनने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत प्रश्न होता, खरा. क्लिफच्या कानाजवळून सपात गेली. समोरच्याला पुरतं द्यायचं.

त्याने बोलायला सुरुवात केली, आणि यार्डाचा मुकादम आला. बोलावलाही नव्हता. पहिल्या वाक्यालाच आला. क्लिफचे हात आपोआप पोटाशी आले आणि नसलेली टोपी फिरवू लागले. तो खाणीतल्या लाकडी टेकूंबद्दल बोलत होता, कुठला टेकू कुठे होता, कुठलं लाकूड होतं. संहितेत ते तसंच होतं, पण आता ती बिजागरी होती. तो टेकू सोडेना. सोडला तर पुढचं वाक्य सांगावं लागणार होतं. आणि एड्रियनला ते कळलं. त्याच्या तोंडावर कळत गेलेलं सगळ्या खोलीला दिसलं. दिवे सांभाळणारा धिप्पाड माणूस च्युइंगम चघळायचा थांबला.

"कट," पास्क अगदी हळू म्हणाला. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

एड्रियन उठून आला, त्याने क्लिफला मिठी मारली. "अहो, हे काय होतं? कुठून आणलंत हे?"

"असंच," क्लिफ म्हणाला. "पळ तू आता. गाडी चुकेल."

एड्रियनची मोटार गेली. मग दिवे हलवले, कॅमेरा फिरवला, टेबल भिंतीकडे सरकवलं. त्यात बराच वेळ गेला आणि खिडकीतला उजेड पिवळा पडत चालला. एड्रियनच्या खुर्चीत आता पेगी बसली. कुठल्या शॉटमध्ये कप कुठे होता, बाही किती वर होती, हे बघायचं काम तिचं. ती भली बाई होती आणि तिला सर्दी झाली होती.

"मी वाचते हं, क्लिफ. मला काही येत नाही त्यातलं, पण वाचते."

"तू वाच. छान होईल."

"आणि मग तो काही बोलला का," पेगीने वाचलं आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

क्लिफने तिच्याकडे बघून तोंड उघडलं आणि मुकादमाला हाक मारली. कुणी आलं नाही. शब्द सगळे आले, बिनचूक, एकापाठोपाठ एक. पण दारात कुणी उभं नव्हतं. एकदा येऊन बातमी सांगून गेलेला माणूस तीच बातमी घेऊन परत कशाला येईल?

दुसऱ्यांदा त्याने हात पोटाशी घेतले, मुद्दाम. तिसऱ्यांदा मघाशी आवाज कुठे अडखळला होता ते आठवून तिथे अडखळला. म्हणजे त्याने क्लिफर्ड गारसाइडची नक्कल केली, आणि नक्कल त्याला कधीच चांगली जमायची नाही.

"सुंदर!" पास्क म्हणाला. "छान झालं, क्लिफ. मिळालं आपल्याला."

क्लिफ या धंद्यात मुरलेला होता. खरंच मिळतं तेव्हा 'सुंदर' म्हणत नाहीत, गप्प बसतात, हे त्याने तासाभरापूर्वीच पाहिलं होतं. त्याला म्हणायचं होतं, 'नाही मिळालं. उद्या एड्रियनला परत बोलवा. मला आणखी एकदा करू द्या.' वाक्य छोटं होतं. ते जिभेवर आलं. खोलीत माणसं तारा गुंडाळायला लागली होती, दमलेली होती, कुणाला घरी जायचं होतं. क्लिफ म्हणाला, "सगळ्यांचे आभार." आणि आपला कप स्वतः धुऊन ठेवला.

घरी आयव्हीने मटण-बटाट्याचं भांडं ओव्हनमधून काढलं आणि वाढता वाढता विचारलं, "मग? मावलास का पडद्यावर?"

त्याने सगळं सांगितलं. बिजागरीचंही सांगितलं, पहिल्यांदाच.

आयव्हीने डाव खाली ठेवला. "थांब. आधी त्याचं घ्या असं कोण म्हणालं?"

"मी."

"तू? तूच?"

"अगं, त्याच्या पोरीची बासरी..."

"गेली खड्ड्यात बासरी! दिग्दर्शक स्वतः म्हणतोय तुमचं घेतो, आणि तू त्याला नको म्हणतोस? क्लिफ, तुझ्या घराला आग लागली तरी तू शेजाऱ्याला म्हणशील, आधी तुमच्या कुंड्या विझवा!"

"त्याने घड्याळ बघितलं गं."

"बघू दे! घड्याळं बघायलाच असतात!" मग तिने त्याच्या ताटात वाढलं आणि खुर्ची ओढून ती बसली. "आणि तो माणूस इतकी वर्षं तू जपलास," ती म्हणाली. "तो देऊन टाकलास."

"त्याला डोळे हवे होते समोर. नाहीतर तो कुणाकडे बघून करणार होता?"

"आणि तू कुणाकडे बघून केलंस?"

क्लिफने ताट जवळ ओढलं. जेवण त्याने सगळं संपवलं. ताटात टाकणंही त्याला जमायचं नाही.

सिनेमा शरद ऋतूत तयार झाला. काम केलेल्यांना लंडनला एका छोट्या थिएटरात दाखवला. आयव्हीने तिचा निळा कोट घातला. मधल्या महिन्यांत क्लिफने स्वतःची एक समजूत काढली होती. आपल्याला वाटतं तितकं वाईट नसेलही. नटाला आतून काय वाटतं आणि कॅमेऱ्याला काय दिसतं यात फार फरक असतो, हे सगळेच म्हणतात.

तो प्रसंग आला. स्वयंपाकघर, टेबल, दोघं लांबून. क्लिफचा आवाज सुरू झाला आणि कॅमेरा एड्रियनच्या चेहऱ्यावर गेला. तिथेच राहिला. लाकडी टेकू, कुठलं लाकूड, कोण उभं होतं. आवाज बोलत होता आणि पडदाभर एड्रियन ऐकत होता. मध्ये एकदा क्लिफची पाठ दिसली, कान आणि कॉलर, आणि पुन्हा एड्रियन. पुढच्या रांगेतल्या बाईने पर्स उघडून रुमाल काढला. कुणीतरी नाक ओढलं. आयव्हीने क्लिफचा हात इतका घट्ट धरला की तिची अंगठी त्याला रुतली. क्लिफ वाट बघत होता. आता आपला चेहरा येईल, या वाक्याला येईल. मग एड्रियन उठून खिडकीशी गेला आणि प्रसंग संपला.

बाहेर दाराशी पास्क उभा होता. त्याने क्लिफचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचा आवाज, क्लिफ! त्या आवाजावर सगळं उभं आहे."

"कापलंत ते बरोबरच होतं," क्लिफ म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. समोर एड्रियनचा तो चेहरा असताना कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

त्या चेहऱ्यासाठी एड्रियनला वसंतात पारितोषिक मिळालं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आयव्ही दारात येऊन उभी राहिली, हातात टॉवेल.

"क्लिफ, मला एक सांगायचंय," एड्रियन म्हणाला. "ते बक्षीस अर्धं तुमचं आहे. लोकांना असं म्हणायची सवय असते, पण मी तसं म्हणत नाहीये. मला ठाऊक आहे त्या खोलीत काय झालं."

"छे, छे. तू उत्तम केलंस."

"त्या दिवशी माझ्या गाडीनंतर आणखी एक होती," एड्रियन म्हणाला. "चारच्या सुमाराची. कार्यक्रमाचा शेवट तरी मिळाला असता मला. मी थांबू शकत होतो. थांबायला हवं होतं."

आयव्ही ओठांनी म्हणत होती, बोल. बोल त्याला.

"अरे, त्यात काय एवढं," क्लिफ म्हणाला. "मुलीने वाजवली का नीट?"

"भयंकर वाजवली."

"शिकेल. वेळ लागतो बासरीला."

त्याने फोन ठेवला तेव्हा आयव्ही आत निघून गेली होती. त्या संध्याकाळी ती चिडली नाही, हे त्याला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "मी तुझ्यासाठी भांडून भांडून दमले रे, क्लिफ. तुझ्या बाजूने दोघं तरी असायला हवीत." आणि दिवा मालवून वर गेली.

मिस प्रॉसर म्हणाली होती ते हळूहळू खरं होत गेलं. हवालदार तरुण झाले. क्लिफला आजोबा येऊ लागले, रुग्णालयाच्या खाटेवरचे, एकदा तर शुद्धीत नसलेले. मग पुढच्या वसंतात डोंगराळ भागातल्या गुरांच्या डॉक्टरांवरच्या एका मालिकेत त्याला एका भागापुरता शेतकरी मिळाला. त्याची गाय आजारी आहे, तरुण डॉक्टरीण बाई येते आणि म्हणते, वाचणार नाही. बस, एवढाच प्रसंग. गोठा, चिखल, गाय, दोघं जण.

लांबून एक शॉट झाला. दिग्दर्शिका, केस कापलेली उंच बाई, कागद चाळत म्हणाली, "बरं, आता जवळून. लॉराचं आधी घेते."

लॉरा, ती तरुण नटी, थंडीने कुडकुडत होती. तिने बगलेत हात घातले होते. सगळ्यांना गोठ्यातून लवकर सुटायचं होतं. दिग्दर्शिकेच्या बुटावर शेण होतं.

"माझं आधी घ्या," क्लिफ म्हणाला.

त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. आता कुणीतरी 'का?' म्हणेल, कुणीतरी सुस्कारा टाकेल, लॉरा घड्याळ बघेल. त्याने समर्थनासाठी दोन-तीन कारणं जमवली. उजेड, गुडघे, गाय.

"बरं," दिग्दर्शिका म्हणाली. आणि कॅमेरावाल्याला, "अरे, क्लिफचं आधी." कॅमेरावाला म्हणाला, "ठीक." लॉरा भिंगाशेजारी येऊन उभी राहिली आणि हसून म्हणाली, "मलाही बरंच आहे, मला जरा ऊब येऊ दे अंगात."

एवढंच.

क्लिफ गाईच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. कुणीतरी "तयार?" म्हणालं, पण तो अजून त्या 'बरं'पाशीच अडकला होता. इतकी वर्षं ज्या उत्तराला तो भीत होता, ते उत्तर एवढंसं होतं. लॉराने आपलं वाक्य म्हटलं. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण ती त्याच्याकडे बघून बोलली, मनापासून, पुरतं देऊन. क्लिफने ऐकलं. त्याने बिजागरी शोधली नाही, कुणाला हाक मारली नाही. गाय गरम होती आणि श्वास घेत होती, आणि बाई म्हणत होती की ती वाचणार नाही. त्याने गाईकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

संहितेतलं वाक्य त्याहून लांब होतं. कॅमेरा चालू राहिला. मग दिग्दर्शिका "कट" म्हणाली आणि गोठ्यात कुणी काही बोललं नाही. फक्त गाईने शेपटी आपटली.

गावातल्या खानावळीतून त्याने आयव्हीला फोन केला.

"मी म्हणालो आज," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"माझं आधी घ्या."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. "आणि?"

"आणि ते म्हणाले, बरं."

"बस?"

"बस. कुणी कारणसुद्धा विचारलं नाही, आयव्ही. मी कारणं काढून ठेवली होती."

आयव्ही नाक पुसत होती की हसत होती ते त्याला कळेना.

"मग?" शेवटी ती म्हणाली. "कसं झालं?"

"मला वाटतं, बरं झालं. गाय फार चांगली होती."